गाडी कुठवर न्यावी?

ऑफ-रोडिंग म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर पावसाळा येतो. गोव्यात २०१४ पासून भर पावसाळ्यात होणारी रेनफॉरेस्ट चॅलेंज ही स्पर्धा, गुडघाभर चिखल, विंचच्या दोराने वर ओढल्या जाणाऱ्या जीप, ही चित्रे आता ओळखीची झाली आहेत. हिवाळ्यातली क्लबची सहल मात्र निराळी असते. तिच्यात स्पर्धा नसते. दहा-पंधरा फोर-बाय-फोर गाड्यांचा ताफा निघतो. वाट माहीत असलेला अनुभवी चालक पुढे राहतो, दुसरा जाणकार सर्वांत मागे, मधे नवखे आणि त्यांची कुटुंबे. हवा कोरडी, ऊन कोवळे, जमीन टणक. हैदराबाद, सोलापूर, लातूर, उदगीर इथून निघणाऱ्याला बीदर आणि कलबुर्गी, म्हणजे आपले जुने गुलबर्गा, या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरचे रान एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे. डिसेंबर-जानेवारीत बीदरच्या पठारावर पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, आणि ज्या मुलखाला बाकीचे जग उन्हाचा मुलूख समजते तिथे शेकोटीची थंडी पडते. अशा दिवसांत जंगलाच्या वाटेने गाडी नेली तर बिघडले कुठे, असे बहुतेकांना वाटते. चिखल नाही, म्हणजे चाके रुतणार नाहीत. पीकही बरेचसे निघालेले. मग नुकसान कसले? हा समज मातीपुरता अर्धा खरा आहे. जंगलापुरता तो उलटा आहे. दख्खनच्या या कोरड्या रानाला गाडीचा सर्वांत जास्त त्रास ज्या महिन्यांत होतो त्यात हिवाळा येतो, आणि म्हणून क्लबांनी या मोसमात जंगल सोडून दुसरी जमीन निवडली पाहिजे. तशी जमीन याच दोन जिल्ह्यांत भरपूर आहे.

आधी हा प्रदेश नीट पाहायला हवा. बीदर शहर ज्या पठारावर वसले आहे ते जांभ्याचे आहे; कोकणातला जांभा मराठी माणसाला ठाऊक असतो, पण समुद्रापासून इतक्या आत, सहाशे मीटरहून अधिक उंचीवर तोच लाल, सच्छिद्र दगड पसरलेला आहे. पाणी त्यात मुरते, म्हणूनच बहमनी काळात नौबादजवळ जमिनीखालून पाणी आणणारा कारेज खोदता आला. पठाराच्या कडा उतरल्या की काळी माती लागते, भालकी, औराद, बसवकल्याणच्या शिवारांतली, मराठवाड्याच्या मातीची सख्खी बहीण. आणखी दक्षिणेला चित्तापूर, सेडम, वाडी, शहाबादकडे गेले की पायाखाली थरांचा चुनखडक येतो. महाराष्ट्रातल्या घराघरांत बसवलेली शहाबादी फरशी तिथलीच. बीदरकडचे पाणी कारंजा आणि मांजरा नद्यांतून गोदावरीला जाते, चिंचोळीकडचे मुल्लामारी, कागिणा आणि भीमेतून कृष्णेला. या दोन खोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर, चिंचोळी तालुक्यात, जंगल टिकून आहे. २०११ मध्ये त्यातले १३४.८८ चौरस किलोमीटर क्षेत्र चिंचोळी वन्यजीव अभयारण्य म्हणून जाहीर झाले. साग, धावडा, पळस, चंदन, रक्तचंदन, चंद्रमपल्ली धरणाचा जलाशय, गोट्टमगोट्टाच्या टेकड्या, एत्तिपोता धबधबा. प्राण्यांत लांडगा, तरस, खोकड, चौशिंगा, काळवीट. आजूबाजूला आणि काही ठिकाणी आतही लमाणांचे तांडे आहेत. सह्याद्रीच्या दाट रानाची सवय असलेल्याला हे जंगल विरळ, उघडेबोडके वाटेल. पण ऑफ-रोडिंगवाल्याला ते मोहात पाडते ते याच विरळपणामुळे, कारण झाडांमधून गाडी कुठेही घालता येईल असे दिसते.

आता मातीचे. चाकाखाली जमिनीवर पडणारा दाब ढोबळमानाने टायरमधल्या हवेच्या दाबाएवढा असतो. म्हणून जाणते चालक कच्च्या वाटेवर उतरताना हवा कमी करतात, बत्तीस पीएसआयची अठरा-वीसवर आणतात; टायर पसरतो, जमिनीला जास्त लांबीवर टेकतो आणि कमी उकरतो. ओली माती चाकाखाली दाबली जाते, कोरडी फारशी दबत नाही, हेही खरे. पण आपल्याकडचा हिवाळा वरून दिसतो तितका कोरडा नसतो. शाळू आणि हरभरा पावसावाचून कशावर वाढतात? परतीच्या पावसाने काळ्या मातीत साठवून ठेवलेल्या ओलीवर. नोव्हेंबर-डिसेंबरात वरचा पापुद्रा वाळून भेगाळलेला असतो आणि वीतभर खाली माती अजून दमट असते. दीड-पावणेदोन टनांची गाडी चढावर अडली, चाक जागच्या जागी फिरले, की पापुद्रा फुटतो आणि खालची ओल उघडी पडते. जांभ्याच्या पठारावर प्रकार वेगळा: तिथे दगडावर मातीचा थरच बोटभर, तो गवताच्या मुळांनी धरून ठेवलेला. एकदा चाक घसरले की दगड उघडा पडतो, आणि गेलेली माती परत यायला माणसाचे आयुष्य पुरत नाही.

याला एक उत्तर नेहमी दिले जाते, आणि ते दखल घेण्याजोगे आहे: गाईच्या खुराखालचा दाब टायरपेक्षा कमी नसतो, मग गुरांना का अडवत नाही? दाबाचे गणित चूक नाही. फरक आहे तो आकाराचा. खूर सुटे सुटे ठसे उमटवतो, चाक सलग रेघ ओढते. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस येतो तेव्हा खुराच्या खळग्यात पाणी थांबते आणि मुरते. उतारावरच्या चाकोरीत ते धावते. दोन बोटे खोल असलेली चाकोरी पहिल्या पावसात चार बोटे होते, तिच्या तळाशी खडे उघडे पडतात, कडा ढासळतात, पुढच्या पावसात बाजूचे पाणीही तिच्यातच शिरते. दोन-तीन पावसाळ्यांत तिचा ओघळ झालेला असतो, आणि गाडीवाले ओघळ टाळण्यासाठी शेजारून नवी वाट पाडतात. वर्षाला साधारण आठ-नऊशे मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत, अशा पठाराच्या कडेवर हिवाळ्यात ओढलेली रेघ पावसाळ्यात खोदली जाते. करणारा तेव्हा तिथे नसतो, म्हणून त्याला ती दिसत नाही.

मृदाशास्त्राचा आणखी एक पक्का निष्कर्ष इथे कामाचा आहे. नव्या जमिनीचे बहुतेक नुकसान चाकाच्या पहिल्या काही फेऱ्यांतच होते. त्यानंतरच्या फेऱ्यांनी पडणारी भर कमी कमी होत जाते. याचा अर्थ असा की एका रुळलेल्या वाटेवरून शंभर गाड्या गेल्या तर होणारी हानी दहा नव्या वाटांवरून दहा-दहा गाड्या गेल्याने होणाऱ्या हानीपेक्षा बरीच कमी असते. ‘आम्ही वर्षातून एकदाच जातो, थोडक्याच गाड्या असतात’ हा बचाव म्हणूनच टिकत नाही. थोडक्या गाड्या नव्या जमिनीवर गेल्या तर तेवढ्याच पुरतात.

माती एकवेळ सावरेल. हिवाळ्यात जे त्या मातीवर राहते त्याचा प्रश्न अधिक गंभीर आहे. दख्खनच्या माळांवर लांडग्याची पिल्ले प्रामुख्याने डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास जन्मतात. मादी नाल्याच्या काठावर, झुडपाखाली, कधी साळिंदराने किंवा तरसाने सोडलेल्या बिळात पिल्ले ठेवते. आठवडाभराचे, डोळेही न उघडलेले पिल्लू बिळात आणि जवळून पंधरा गाड्यांचा ताफा लो गिअरमध्ये गुरगुरत चाललेला, अशी वेळ आली की मादी पिल्लांना तोंडात धरून दुसरीकडे हलवू लागते. उघड्या माळावरून दिवसाढवळ्या होणारे हे स्थलांतर कुत्र्यांच्या, माणसांच्या नजरेस पडते, आणि पिल्ले गमावली जातात. नाल्याचा काठ ही लांडग्याची आवडती जागा. नाला ओलांडणे हा ऑफ-रोडिंगचा आवडता भाग. दोघांची निवड एकच असल्याने ही गाठ अपघाताने पडत नाही. याच महिन्यांत मध्य आशियातून आलेले भोवत्या जातीचे शिकारी पक्षी दख्खनच्या गवताळ माळांवर मुक्कामाला असतात. दिवसा ते गवतावरून खालून-खालून घिरट्या घालतात आणि रात्री झाडावर नव्हे, गवतात जमिनीवर थव्याने बसतात. दिवसा गाडी आली तर ते उडून जातील. रात्री, दिव्यांच्या झोतात, त्यांना ते जमत नाही. म्हणून रात्रीची फेरी तरी या मुलखात पूर्ण वर्ज्य असली पाहिजे. तिच्या बाजूने मांडता येईल असा एकही मुद्दा मला दिसत नाही.

आणि मग आग. डिसेंबर संपेपर्यंत कुसळी गवत कमरेएवढे आणि पार वाळलेले असते. एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ ची सक्ती झाली आणि नव्या डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर आला. साचलेली काजळी जाळून टाकण्यासाठी गाडी अधूनमधून आपोआप त्या फिल्टरचे तापमान सुमारे सहाशे अंशांपर्यंत नेते. वाळलेले गवत साधारण याच्या निम्म्या तापमानाला पेट घेऊ शकते. गाडीच्या पोटाखाली कुसळे अडकलेली, ताफा फोटोसाठी गवतात थांबलेला, इंजिन चालू. एवढे पुरेसे आहे. पेट्रोल गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही हातभर गवतात उभा करण्यासारखा थंड नसतो. कर्नाटकाच्या जंगलांतला वणव्याचा मोसम फेब्रुवारीपासून धरला जातो. बंदीपूरची मोठी आग फेब्रुवारी २०१९ मधली. पण गवत त्याआधी महिनाभर तयारच असते. शिवाय हीच कुसळे आणि गाजरगवताचे बी टायरच्या खाचांत, चिखलपट्ट्यांत बसून एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात जातात. पुण्यात १९५० च्या दशकात पहिल्यांदा नोंदले गेलेले गाजरगवत देशभर कशामुळे पसरले याची कारणे अनेक असतील, पण वाहने त्यांतले एक आहेत, आणि कोरड्या हवेत टायरला चिकटलेले बी ओल्या दिवसांपेक्षा अधिक लांब प्रवास करते.

‘जंगलातल्या वाटा आहेतच की,’ असे क्लबचे सभासद म्हणतात, ‘आम्ही नवी वाट पाडत नाही.’ या वाटा कोणाच्या, हे विचारायला हवे. काही वनविभागाच्या गस्तीच्या आहेत. काही जाळरेषा आहेत, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून मुद्दाम गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे. काही तांड्यावरून गावाकडे येणाऱ्या पायवाटा, काही देवळाच्या. दिसायला साऱ्या सारख्याच, हक्क मात्र निरनिराळा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २७ नुसार अभयारण्यात शिरण्याची मुभा मोजक्यांनाच आहे: कामावरचा सरकारी नोकर, आत राहण्याची परवानगी असलेला किंवा आत जमीन असलेला माणूस आणि त्याच्यावर अवलंबून असलेले, सार्वजनिक हमरस्त्याने जाणारा प्रवासी. बाकीच्यांना कलम २८ खाली परवाना लागतो. पर्यटन हे त्यासाठी एक मान्य कारण आहे, पण परवाना आधी घ्यायचा असतो. गुन्हा सिद्ध झाला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि, २०२२ च्या दुरुस्तीनंतर, एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गुन्ह्यात वापरलेली गाडी सरकारजमा होऊ शकते. अभयारण्याबाहेरच्या राखीव जंगलाला कर्नाटकाचा १९६३ चा वन कायदा लागू होतो. ताफ्यातल्या नवख्या कुटुंबाला यातले काही माहीत नसते. ते क्लबच्या भरवशावर आलेले असतात. म्हणून ही जबाबदारी आयोजकांवरच येते.

सर्वांत जोरदार आक्षेप मात्र कायद्याचा नाही, न्यायाचा आहे. चुनखडकाच्या खाणी, वाळूचे ट्रक, उसाच्या आणि तुरीच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या यांनी या जिल्ह्यांची जेवढी जमीन उकरली त्याच्या शतांशही जीपवाले उकरत नाहीत. मग बोट त्यांच्याकडेच का? आक्षेपातली तुलना बरोबर आहे. पण ट्रॅक्टर शेतात गेला नाही तर तूर घरी येत नाही. छंदाची गाडी कुठे न्यायची हे ठरवायला मोकळीक असते, आणि ज्याला मोकळीक असते त्याच्याकडून अधिक विचाराची अपेक्षा ठेवणे अन्याय नव्हे. दुसरा आक्षेप उपयोगाचा. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळच्या पुरात ऑफ-रोड क्लबांच्या जीप जिथे मोठ्या गाड्या जाऊ शकल्या नाहीत तिथे पोहोचल्या, माणसे आणि औषधे वाहिली. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेच्या पुराने कलबुर्गी जिल्ह्यातली अनेक गावे वेढली होती; तिथेही अशा चालकांचा उपयोग होऊ शकतो. खडकावरून चाक कुठे ठेवायचे, दोरीला किती ताण द्यायचा, उतारावर ब्रेक न दाबता इंजिनाच्या जोरावर गाडी कशी उतरवायची, हे वाचून येत नाही, सरावानेच येते. मला हा मुद्दा पूर्ण मान्य आहे, आणि त्यामुळेच सरसकट बंदीची मागणी मी करणार नाही. बंदी घातली की चोरून, रात्री, जाणकार सोबतीशिवाय जाणारे वाढतात. ताफ्याला शिस्त लावणारा क्लब तेवढा बाजूला होतो. पण सरावासाठी खडक लागतो, लांडग्याचे बीळ लागत नाही.

तो खडक शहाबाद-चित्तापूर-सेडमच्या पट्ट्यात पडून आहे. फरशीचा दगड थराथराने निघतो, म्हणून संपलेल्या खाणीत आपोआप पायऱ्या उरतात: हातभर उंचीच्या, सरळ काठांच्या. बाजूला टाकाऊ दगडांचे ढीग, त्यांच्यामधून जुन्या ट्रकांच्या वाटा. एक चाक वर, दुसरे खाली, तिसरे हवेत, अशी गाडीच्या सस्पेन्शनची जी परीक्षा घ्यायला लोक डोंगरावर जातात ती इथे पन्नास पावलांत घेता येते. जमीन आधीच मोडलेली आहे; चाकाने तिचे आणखी काही बिघडत नाही. ब्रिटनमध्ये जुन्या खाणी पैसे भरून गाडी चालवण्यासाठी खुल्या करण्याची पद्धत रुळलेली आहे. अडचणी आहेत. खाणीला मालक किंवा पट्टेदार असतो, त्याची लेखी परवानगी हवी. पाण्याने भरलेले खड्डे किती खोल हे वरून कळत नाही, काठ सुटे असतात, तेव्हा आधी चालत पाहणी करून चुन्याने हद्द आखावी लागते. आणि सोडलेली खाण डोळे झाकून निर्जीव समजू नये: शृंगी घुबड अशाच कपारींत साधारण नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत अंडी घालते. ज्या कड्यावर पांढऱ्या विष्ठेचे ओघळ आणि खाली हाडांच्या गोळ्या दिसतील, तो कडा सोडून द्यायचा. एवढे केले तर खाण उरतेच.

ज्यांना खाणीतले कसब नको, फक्त लांबची कच्ची वाट हवी, त्यांच्यासाठी पाणंदी आणि शिवारातल्या गाडीवाटा आहेत. या वाटा वापरातल्या आहेत, सर्वांच्या आहेत, त्यांची माती पिढ्यानपिढ्या दबलेली आहे. पहिल्या फेऱ्यांचा जो निष्कर्ष वर सांगितला तो इथे आपल्या बाजूने काम करतो. फक्त मोसम पाहायला हवा. डिसेंबर-जानेवारीत तूर कापून खळ्यावर येत असते, वाट ट्रॉल्यांनी भरलेली असते. मार्गशीर्षातली वेळा अमावस्या, म्हणजे लातूर-उदगीरपासून बीदर-कलबुर्गीपर्यंतची येळवस, हा तर या मुलखाचा स्वतःचा हिवाळी सहलीचा दिवस. घरेच्या घरे आंबील, भज्जी घेऊन बैलगाड्यांनी, ट्रॅक्टरांनी शेतावर जातात. त्या दिवशी पाहुण्यांच्या ताफ्याने वाट अडवू नये. एरवी ग्रामपंचायतीला आधी सांगितले, सकाळी उशिरा निघून संध्याकाळच्या आत डांबरी रस्ता गाठला, वाटाड्या गावातलाच घेतला आणि जेवण तांड्यावर सांगितले, तर मागास भागाला उत्पन्न मिळते हा क्लबांचा दावाही खरा ठरेल. डबे आणि पाणी शहरातून भरून आणणाऱ्या ताफ्याने गावाला धुरळ्याशिवाय काही दिलेले नसते.

जगाने यावर विचार केलेला आहे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७२ मध्येच सरकारी जमिनींवर अशा वाहनांसाठी वाटा नेमून देण्याचा आदेश काढला, आणि २००५ च्या नियमाने तिथल्या राष्ट्रीय वनांत नकाशावर दाखवलेल्या वाटांबाहेर गाडी नेणे थांबवले. फ्रान्सने १९९१ च्या कायद्याने नैसर्गिक भूप्रदेशात रस्ता सोडून गाडी नेण्यास मनाई केली. आइसलँडचा नियम आपल्या विषयाला सर्वांत जवळचा: रस्ता सोडून गाडी नेण्यास बंदी, पण जमीन गोठलेली आणि बर्फाने झाकलेली असेल तेव्हा सूट. तिथे हिवाळा जमिनीवर जाड थर अंथरून तिला वाचवतो. आपल्याकडे हिवाळ्यात जमीन झाकली जात नाही, उलट गवत वाळते, पिल्ले बिळात असतात, पाहुणे पक्षी जमिनीवर झोपतात. हिवाळी ऑफ-रोडिंगची कल्पना थंड देशांतून आपल्याकडे जशीच्या तशी आली, तिच्यामागचा आधार तिकडेच राहिला.

क्लबने स्वतःच्या हातातल्या गोष्टी लगेच कराव्यात. रुतलेली गाडी काढताना विंचचा दोर झाडाला थेट गुंडाळू नये. माळावरचा मनगटाएवढा धावडा कित्येक वर्षांत तेवढा झालेला असतो, आणि पोलादी दोर एका ताणात त्याची साल गोल सोलतो. मग झाड उभ्याउभ्या वाळते. रुंद पट्टा आणि जाड बुंधा, नाहीतर दुसरी गाडी, एवढेच आधार घ्यावेत. गवतात थांबू नये, थांबलेच तर इंजिन बंद करून पोटाखाली वाकून कुसळे काढावीत, प्रत्येक गाडीत अग्निशामक असावा. निघण्यापूर्वी टायर आणि चिखलपट्ट्या गावातच धुवाव्यात. बाकीचे काम बीदर आणि कलबुर्गीच्या जिल्हा प्रशासनांचे आहे: खाण विभागाच्या नोंदींतून बंद पडलेल्या, वादात नसलेल्या दोन-तीन खाणी निवडणे, वनविभागाकडून त्या तपासून घेणे, जवळच्या पंचायतीला प्रवेशशुल्क घेण्याचा अधिकार देणे. पावसाळा सरताच ऑक्टोबरात पाहणी झाली, नोव्हेंबरात हद्दी आखल्या गेल्या, तर डिसेंबरातला पहिला ताफा चिंचोळीच्या रानाकडे न वळता थेट चित्तापूरच्या रस्त्याला लागू शकतो.